कहाणीला बसणारा

आमच्याकडे श्रावणातली कहाणी एकटीनं सांगत नाहीत. सांगणारी लागते, तशी ऐकणारीही लागते. ऐकणारीनं मुठीत चिमूटभर तांदूळ धरायचे, वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा, मध्ये उठायचं नाही, दुसरं काही बोलायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. कहाणी संपली की दोघींच्या मुठीतले तांदूळ एकत्र करून देवापुढे ठेवायचे आणि मग सांगणारीनं पहिला घास घ्यायचा. मुठीत कहाणीचे तांदूळ असताना माणूस खोटं बोलत नाही, असं आमच्या मायबाया मानत आल्या. कशावरून, हे कोणी कोणाला विचारलं नाही. काही गोष्टी विचारायच्या नसतात, धरून चालायच्या असतात.

बोरी अरबच्या सत्यभामाची ऐकणारी म्हणजे तिची माय. सत्यभामाचं लग्न आधी बापाच्या आजारपणात लांबलं, मग लांबत लांबत राहूनच गेलं. भाऊ पंजाबराव उमरखेडला दुकान टाकून तिकडचाच झाला. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर दिलेलं, घरी साड्यांना फॉल-पिको करायची मशीन. अशा घरात दोघी मायलेकी वर्षानुवर्षं श्रावण करत आल्या. शेवटी शेवटी मायला माणसं ओळखू येत नव्हती, पंजाबरावाला ती “कोण गावचे पाव्हणे?” असं विचारायची. पण कहाणी सुरू झाली की तिचा 'हं' बरोबर जागेवर यायचा.

माय फाल्गुनात गेली. आणि पावसाळा लागून श्रावण आला तेव्हा सत्यभामाच्या लक्षात आलं, की आपल्याला ऐकणारी राहिली नाही.

पहिल्या दिवशी तिनं शेजारच्या बेबीताईला हाक मारली.

“बेबीताई, जरा बसता का? कहाणी सांगायची हाय.”

“बसतो न वं. पण लवकर आटप. ट्रॅक्टर आलं की निंदाले जा लागते मले.”

बेबीताईनं तांदूळ घेतले, पायरीवर टेकली आणि “हं, हं, हं” करत सुटली.

“अवं ताई, अजून राजा तर येऊ द्या.”

“येईन तो. त्याले काय घाई हाय? घाई मले हाय.”

ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. बेबीताईनं मुठीतले तांदूळ सत्यभामाच्या हातावर ठेवले, “राह्यलेली संध्याकाळी सांगजो,” म्हणाली आणि विळा घेऊन पळाली. संध्याकाळी ती कंबर धरून आली ती थेट आडवी झाली. तिचा तरी काय दोष? दिवसभर सोयाबीनमध्ये वाकून तण काढलेली बाई. सत्यभामा त्या दिवशी पाण्यावर राहिली. पुढचे काही दिवस तिनं तुळशीपुढे सांगितली. तुळस सगळं ऐकते, पण हुंकार देत नाही. वाक्य संपलं की समोर नुसतं अंगण उरायचं, आणि पुढचं वाक्य कोणासाठी सुरू करायचं हे तिला कळेनासं व्हायचं.

दुसऱ्या कोणाला बोलवावं, तर गावात तिची जागा मोठी अडचणीची. सवाष्ण नाही म्हणून हळदीकुंकवाला नाही, वय झालं म्हणून कुमारिकांच्या जेवणाला नाही. लोक वाईट नव्हते. तिचं नाव कोणाच्या लक्षात येत नसे, एवढंच.

मायच्या तेरवीला आलेली भाची प्रेरणा आपला जुना मोबाइल आत्याला देऊन गेली होती. त्यात तिनं एक ॲप टाकून दिलं होतं. “आत्या, याच्यात भजनं लागतात, अन् लोकंही दिसतात. तुले कंटाळा नाही येणार.” सत्यभामा दुपारी मशीनवर बसली की भजन लावायची. एकदा एका भजनाखाली तिनं 'जय हरी' लिहिलं. त्याखाली कोणीतरी लिहिलं, 'जय हरी ताई. आज फार दिवसांनी घरची आठवण आली.'

असा अमर आला.

समुद्रात तेलाची विहीर असते, तिथे तो इंजिनिअर होता म्हणे. आई उमरखेडकडची, बायको वारलेली, मूलबाळ नाही. थोड्या दिवसांनी त्यानं व्हिडिओ लावला. निळा शर्ट, कानाजवळ पांढरे केस, मागं पांढरी भिंत, डोळे शांत. आवाज आणि ओठ जरा मागंपुढं व्हायचे. इतक्या लांबून, पाण्यावरून येणारा आवाज, एवढं तर होणारच, असं सत्यभामाला वाटलं.

“जेवलात का, सत्याजी?” हा त्याचा पहिला प्रश्न.

मायच्या माघारी हे तिला कोणी विचारलं नव्हतं. तिनं खरं तेच सांगितलं. “नाही. कहाणी सांगायची राहिली.”

“कसली कहाणी?”

तिनं सांगितलं. ऐकणारी नाही म्हणून उपास पडतो, हेही सांगितलं, आणि सांगून झाल्यावर लाजली.

“मला सांगा ना,” तो म्हणाला. “मी ऐकतो.”

पुरुषमाणसानं कहाणीला बसावं का, यावर तिनं एक रात्र घातली. मायच्या तोंडून तशी मनाई तिनं ऐकली नव्हती. सकाळी पूजा झाली, तिनं मोबाइल देवाच्या पाटाला टेकवून उभा केला, पदर नीट घेतला आणि म्हणाली, “हातात तांदूळ घ्या.”

“घेतले.”

“तुमच्या तिथं तांदूळ असतात?”

“जेवायला भातच असतो आम्हाला, सत्याजी.”

तिला हसू आलं. तिनं सुरुवात केली, आणि पहिल्या वाक्याच्या शेवटी पलीकडून आलं, “हं.”

मशीनवर बसताना, भांडी घासताना, तिला दिवसभर तो 'हं' ऐकू येत राहिला. बेबीताईसारखा घाईचा नव्हता. मायसारखा जागेवर होता. आणि त्या वेळेपुरते आवाज आणि ओठ मागंपुढं होत नव्हते, हेही तिला देवाचीच कृपा वाटली. 'हं' म्हणायला ओठ उघडावे लागत नाहीत, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

मग श्रावण खरा श्रावण झाला. ती सकाळी लवकर उठायची, दूर्वा-फुलं आणायची, न्हाऊन धुतलेली साडी नेसायची. साड्या सगळ्या दुसऱ्यांच्या पिकोला आलेल्या पाहून पाहून आपल्याही पेटीत चार बऱ्या साड्या आहेत, हे ती विसरून गेली होती. कहाणी झाली की अमर थोडा वेळ बोलायचा. धाकटी सून इतकी का सोसते, राजाला आधी अक्कल का येत नाही, असं काही काही विचारायचा. ती त्याला मायबद्दल सांगायची. त्याच्या मुठीतले तांदूळ ती आपल्याच मुठीतून वेगळे काढून त्याच्या नावानं ठेवायची.

एकदा बेबीताईनं भिंतीवरून मान वर काढली.

“कोन हाय वं तो बाप्या? रोज आवाज येते.”

“प्रेरणाच्या मोबाइलमधले हायेत. कहाणी ऐकतात.”

“बाप्या मानूस कहानी आयकते?” बेबीताईनं तोंडाला पदर लावला. “व माय! माह्या घरचा तं मी जेवाले हाक मारली तरी आयकत नाही. याले कोन्या देवानं घडवलं?”

“समुद्रात असतात ते.”

“तरीच. गावात राह्यता तं निंदाले नेला असता मी.”

बेबीताई हसत गेली. सत्यभामा हसली नाही. तिला आतून बरं वाटत होतं, आणि बरं वाटण्याची तिला सवय नव्हती.

श्रावणाचा दुसरा पंधरवडा लागला तसा अमर म्हणाला, “महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी तुमच्याकडे येतोय. आईच्या माहेरकडचा पाहुणा म्हणून. आणि आता एकटं नाही राहायचं, सत्याजी. ना तुम्ही, ना मी.”

तिनं पाटावरची हळद सारखी केली.

दोन दिवसांनी त्याचा आवाज उतरलेला होता. तिच्यासाठी त्यानं एक पेटी पाठवली होती, साड्या होत्या, देवीसाठी चांदी होती, ती विमानतळावर अडकली. सोडवायला पैसे भरायचे, आणि समुद्रात असेपर्यंत त्याचं खातं बंद. नाही सोडवली तर त्याच्यावरच केस होईल, मग कसल्या महालक्ष्म्या अन् कसलं येणं.

“माझ्याजवळ पैसे कुठले?” सत्यभामा म्हणाली.

“माहीत आहे. तुमच्याकडे मागायलाही जीभ रेटत नाही. सोनं असेल ना काही? मी आलो की दुप्पट घडवून देतो.”

मायची एकदाणी होती, सोन्याच्या मण्यांची. मायनं ती मरायच्या आधी, शुद्धीत असताना, तिच्या हातावर ठेवली होती. भाऊ-भावजय पाहोत न पाहोत, हे तुझ्या म्हातारपणाचं, असं सांगून. घर भावाच्या नावावर, शेत भावाच्या नावावर. सत्यभामाच्या नावावर या जगात एवढीच एक गोष्ट होती.

तिनं ती ट्रंकेतून काढली, देवापुढे ठेवली आणि पुष्कळ वेळ पाहिली. मन कच खाऊ लागलं की ती स्वतःला सांगायची, तो माणूस रोज हातात तांदूळ घेऊन माझ्यापुढे बसतो. देवाच्या पाटासमोर बसतो. फसवायचंच असतं तर तांदूळ कशाला घेतले असते?

“शनिवारी एकदाणी घेऊन दारव्ह्याला सोनाराकडे जातो,” तिनं त्याला सांगितलं.

“माझी लक्ष्मी आहात तुम्ही,” तो म्हणाला.

शुक्रवारी ती नेहमीसारखी कहाणीला बसली. एक गोष्ट तिला पहिल्यापासून खुपत होती, पण परक्या माणसाला कसं बोलावं म्हणून तिनं मनात ठेवली होती. कहाणीच्या मध्यावर अमर पाणी प्यायचा. उजवीकडून पेला घ्यायचा, प्यायचा, ठेवायचा, आणि मग जरासं हसायचा. आता हा माणूस घरचा होणार होता. घरच्याला सांगायला काय हरकत?

धाकट्या सुनेला सासूनं रिकामी घागर देऊन रानात हाकललं होतं. सत्यभामा तिथवर आली आणि थांबली.

“एक सांगू का? राग मानू नका. कहाणी चालू असताना पाणी पिऊ नाही.”

“नाही पिणार, सत्याजी. तुम्ही म्हणाल तसं.”

“हं. तर ती धाकटी सून नदीच्या काठानं निघाली...”

पडद्यावरच्या अमरनं उजवीकडून पेला उचलला.

“अहो, आता सांगितलं ना. ठेवा तो पेला.”

“कुठला पेला? मी कुठं पाणी पितोय?” आवाज म्हणाला. आणि आवाज हे म्हणत असताना पेला ओठाला लागलेला होता. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. पाणी गिळता गिळता कोणी बोलत नाही. तिनं टक लावून पाहिलं. पेला खाली ठेवला गेला, आणि तो जरासा हसला. कालच्यासारखाच. परवाच्यासारखाच. डावी भुवई आधी, मग ओठ.

“नेटवर्क आहे,” आवाज म्हणाला. “मागंपुढं होतं ना आपलं नेहमी.”

तिला 'हो' म्हणायचं होतं. 'हो' म्हटलं असतं तर उद्याची दारव्ह्याची बस होती, महालक्ष्म्यांचं जेवण होतं, दाराशी एक माणूस येऊन उभा राहणार होता. 'हो' तिच्या तोंडात आलंही होतं.

“तुमच्या हातात तांदूळ आहेत का?” तिनं विचारलं.

“आहेत की.”

“मूठ वर करून दाखवा.”

पडद्यावरचा माणूस शांत डोळ्यांनी तिच्याकडे बघत बसला. त्याचे हात टेबलाखालीच राहिले. मग त्यानं मान किंचित वळवली, खिडकीकडे पाहिलं, परत तिच्याकडे पाहिलं. तेही रोजचंच होतं.

सत्यभामानं डोळे मिटले. देवासमोर बसून तिनं असे कितीदा तरी डोळे मिटले असतील. मिटल्यावर चेहरा गेला आणि नुसता आवाज उरला, आणि आवाजाच्या मागं आणखी आवाज होते. इतके दिवस ती त्यांना तेलाच्या विहिरीवरचे कामगार समजत होती. एक जण हिंदीतून कोणाला तरी जानू म्हणत होता. एक जण कोणाची तरी आई आजारी असल्याचं सांगत होता. कोणीतरी कोणावर तरी ओरडलं. एका खोलीत पुष्कळ माणसं बसून एकेका एकट्या जिवाशी बोलत होती.

तिला रडू आलं नाही. आधी लाज वाटली, मग गार पडल्यासारखं झालं. हात उचलून लाल बटण दाबायचं, एवढंच काम होतं. पण धाकटी सून नदीच्या काठावर उभी होती. कहाणी अर्धी टाकली तर त्या बाईला रानात सोडून दिल्यासारखं होतं, असं माय म्हणायची. ऐकणारा कसाही असो, सांगणारीनं शेवट करायचा.

“तुम्ही कोण आहात, मी विचारत नाही,” ती डोळे न उघडता म्हणाली. “मन असेल तर ऐका. नसेल तर बंद करा.”

तिनं पुढं सांगायला घेतलं. नदीच्या काठावर रात्र कशी पडली, झाडाच्या बुंध्याशी धाकटी सून कशी निजली. वाक्याच्या शेवटी हुंकार आला नाही. दुसऱ्याच्या शेवटीही नाही. तिसऱ्या वाक्यापाशी सत्यभामा थांबली.

“मंग?” आवाज हळूच म्हणाला. “मंग काय झालं तिचं?”

हा अमरचा आवाज नव्हता. म्हणजे आवाज तोच होता, पण बोली अमरची नव्हती. हा समुद्रातला नव्हता. वणीकडचा असेल, राजूरचा असेल, नाहीतर आपल्याच तालुक्यातला. याच्याही घरी कोणीतरी श्रावण धरत असेल. याला जागेवर 'हं' म्हणायला कोणी शिकवलं होतं, हे आता तिला कळलं.

तिनं सांगितलं. पहाटे रानात दिवे दिसले, बायका पूजा करत होत्या, त्यांनी धाकटीला वसा दिला, घागर भरून दिली. ती घरी आली, सासूनं दार उघडलं. आता प्रत्येक वाक्याला 'हं' येत होता, बारीक, कोणाला ऐकू जाऊ नये असा. कहाणी संपली.

मागं पुन्हा कोणीतरी ओरडलं.

“बाई,” आवाज घाईनं म्हणाला, “त्या एकदाणीचं कसं करता मंग? उद्या जाता न?”

सत्यभामानं डोळे उघडले. पडद्यावर निळा शर्टवाला पेल्याकडे हात नेत होता.

“नाही,” ती म्हणाली.

“तुम्हाले वाटते तसं नाही जी ते...”

“नाही म्हटलं, बाबा.”

श्वासाचा आवाज आला. मग अगदी खालच्या आवाजात, “बरं, राहू द्या ते. उद्या कोन्ती कहानी असते? मी उद्या आयकाले येतो. नुसतं आयकाले. देवाशप्पथ, काही मांगत नाही.”

हे तिला एकदाणीपेक्षा जड गेलं. तो उद्या येईल. परवा येईल. 'हं' म्हणेल, बरोबर जागेवर. आणि एक दिवस, पोळ्याला म्हणा, नवरात्रात म्हणा, त्याला कोणीतरी मागून ओरडेल आणि तो पुन्हा मागेल. आणि त्या दिवशी आपण देऊ. आज नाही म्हटलं कारण आज डोळे उघडले होते. माणूस रोज डोळे उघडून बसत नाही. तिनं स्वतःला इतकं ओळखलं होतं.

“उद्या नको येऊ,” ती म्हणाली. तिच्या तोंडून नकळत एकेरी आलं. “जेवलास का?”

पलीकडून उत्तर आलं नाही. तिनं लाल बटण दाबलं.

तिनं आपल्या मुठीतले सगळे तांदूळ देवापुढे ठेवले, वेगळे काढले नाहीत. एकदाणी ट्रंकेत ठेवून कुलूप लावलं. भगर आणि दाण्याची आमटी घेऊन बसली. ताट अर्धं सरल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण समोर त्याच्यासाठी मांडलेल्या रिकाम्या पाटाकडे बघत जेवतो आहोत. ती पाट उचलून भिंतीला लावून आली आणि उरलेलं जेवली.

संध्याकाळी प्रेरणाचा फोन आला, कॉलेजातल्या कसल्याशा कार्यक्रमाच्या साडीसाठी. “आत्या, ॲप चालून राह्यलं न बरोबर? करमते न?”

“करमते,” सत्यभामा म्हणाली. “काढून कसं टाकायचं ते, एवढं सांग.”

“काहून? काही झालं का?”

“भजनं रेडिओवर लागतात.”

प्रेरणानं सांगितलं तसं तिनं दाबत नेलं. पडद्यावरून ते चित्र निघून गेलं. पण त्यानं केव्हाच मागून घेतलेला नंबर तर त्याच्याकडे होताच.

शनिवारी दारव्ह्याची बस गेली, तिचा भोंगा तिला पूजेत ऐकू आला. मारुतीला रुईची माळ घातली, दिवा लावला, आणि ती कहाणीला बसली. समोर कोणी नव्हतं. आटपाट नगराचं पहिलं वाक्य झालं, आणि कोपऱ्यातल्या मशीनवर ठेवलेला मोबाइल वाजू लागला. अनोळखी नंबर.

ती थांबली. तो वाजून वाजून बंद झाला. तिनं दुसरं वाक्य सांगितलं. तो पुन्हा वाजला.

उठून बंद करावा, तर कहाणीतून उठता येत नाही. घ्यावा, तर तो घेतल्यावर काय होईल हे तिला माहीत होतं. तिचा आवाज मुळात बारीक. बाजूला बसलेल्यालाच ऐकू जावा एवढा. तिनं तो चढवला. रिंग वाजत होती आणि तिच्यावरून सत्यभामा नगर सांगत होती, राजा सांगत होती, राजाच्या दारातून उपाशी परत गेलेली म्हातारी सांगत होती. इतक्या मोठ्यानं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

भिंतीपलीकडून बेबीताई ओरडली, “काय झालं वं? कोनाशी भांडून राह्यली?”

“कोणाशी नाही, ताई. कहाणी सांगून राह्यली.”

“कोनाले?”

मोबाइल वाजतच होता. गल्लीच्या टोकाला ट्रॅक्टरचा भोंगा झाला, आणि उत्तराची वाट न बघता बेबीताईच्या चपला फटफट करत लांब गेल्या.

तिनं पदर सारखा केला आणि म्हातारीचं पुढचं वाक्य घेतलं.